भेंडाचं दुमजली विमान

लग्नसराई जवळ आली की आमच्या घरात सगळ्यात आधी खळीचा वास सुटायचा. चुलीच्या एका तोंडावर पिठलं आणि दुसऱ्या तोंडावर खळ, दोन्ही सारखीच बुडबुडायची आणि दोन्ही आईच हलवायची. एकदा घाईत दादांनी भाकरीचा तुकडा पिठल्याऐवजी खळीत बुडवून तोंडात घातला होता. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तो अजून पडला नव्हता म्हणून निभावलं. पण आईनं ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, आणि दादा प्रत्येक वेळी मान खाली घालून हातातलं काम करत राहायचे.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं काम बाशिंगं करायचं. बारामतीत कालव्याच्या अलीकडं आमचं दोन खणांचं घर होतं. मागच्या खणात चूल, पुढच्या खणात दादांची बैठक. भिंतीला टेकून बेगडाची भेंडोळी, गुलाबी आणि हिरव्या कागदाचे ताव, बांबूच्या कामट्या, आणि वर आढ्याला टांगलेल्या भेंडाच्या मोळ्या. भेंड आता कुणाला माहीत नसतं. माझ्या नातीला मी सांगते तेव्हा ती म्हणते, म्हणजे थर्माकोल का? तसं म्हटलं तर तसंच, फक्त ते तळ्याच्या कडेला, दलदलीत उगवतं. वरची तपकिरी साल सोलली की आत पांढराशुभ्र गाभा, बोटानं दाबला तर दबणारा, आणि इतका हलका की तळहातावर ठेवला तरी हातात काही आहे असं वाटत नाही. दादा त्याच्यावर पातळ सुरी अशी फिरवायचे की त्याचा लांबच लांब पापुद्रा सुटत जायचा. त्याच्या पाकळ्या, पाकळ्यांची फुलं, कळ्या, पोपट, मोर. ते काम करताना आवाज होत नाही. दिवसभरात घरात ऐकू यायची ती बेगडाची कुरकुर, आणि दुपारी दौंडकडून येणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी.

बाशिंगाच्या पाठीला पुठ्ठा लागतो. तो दादा घरीच करायचे. रद्दीचे कागद खळीनं एकावर एक चिकटवायचे आणि वर पाटा ठेवून वाळवायचे. रद्दी चिकटवायचं काम माझं. मी तेव्हा सातवीत होते. कागद लावण्याआधी वाचायची मला खोड होती, त्यामुळं एक पुठ्ठा व्हायला दुपार जायची आणि आई म्हणायची, "तुला कागुद लावायला बसवलंय का परीक्षेला?"

अशाच एका पुण्याहून आलेल्या गठ्ठ्यात ते पुस्तक निघालं. वरचं पान फाटलेलं, मागची काही पानं गेलेली. आत सगळी चित्रं होती, चौकोनात चौकोनात मांडलेली, आणि माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले, फुग्यांत इंग्रजी अक्षरं. असल्या पुस्तकांना कॉमिक म्हणतात हे मला फार उशिरा, माझी मुलं मोठी झाल्यावर कळलं. इंग्रजी मला अक्षरओळखीपुरतंच येत होतं. पण गोष्ट समजायला इंग्रजी लागत नव्हतं. कातडी टोपी घातलेला एक माणूस होता आणि त्याचं विमान होतं. आमच्या डोक्यावरून कधीमधी जाणारं विमान म्हणजे आभाळातला एक ठिपका आणि घरघर. हे वेगळंच होतं. याला पंखांच्या दोन जोड्या होत्या, एक खाली आणि एक वर, घराला माळा असावा तशी. मधे बारीक खांब. खांबांच्या मधे तारा. माणूस उघड्यावरच बसलेला, टांग्यात बसावं तसा.

ती पानं मी पुठ्ठ्यात लावली नाहीत. परकराच्या नेफ्यात खोचून मागं नेली आणि पीठ ठेवायच्या डब्याखाली ठेवली. मला ते विमान हवं होतं. कुणी विकत आणून द्यावं असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्या घरात हवी ती वस्तू करायची असते, एवढंच मला माहीत होतं.

पहिली अडचण मापाची आली. एका चौकोनात विमान बोटाएवढं, दुसऱ्यात वितीएवढं. पंख केवढे, अंग केवढं, चाकं केवढी, काहीच ठरेना. दोन-तीन दिवस मी नुसती पानं बघत होते. मग एका चित्रात तो माणूस विमानाशेजारी सरळ उभा दिसला, आणि एकदम सुचलं की विमान लहानमोठं होतं पण माणूस तर तेवढाच असणार. मी शिवायचा दोरा घेतला, माणसाची उंची मोजली, त्याला गाठ मारली, आणि मग तो गाठीचा दोरा विमानावर टाकत गेले. विमानाची लांबी चार माणसं आणि थोडं वर. वरचा पंख टोकापासून टोकापर्यंत पाच माणसं. चाक म्हणजे माणसाचा गुडघा. मग मी भेंडाचा एक माणूस कोरला, चार बोटं उंचीचा, आणि त्याच्या मापानं सगळं धरलं. पुढं शाळेत शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं मुलींना प्रमाण शिकवलं, पण ते मला खरं कळलं त्या दुपारी, गाठीच्या दोऱ्यानं.

दादा लग्नसराईत मालाची पेटी घेऊन गावं फिरायचे, एक दिवस लोणी भापकर, एक दिवस जळोची. आई दुपारी घटकाभर पडायची. तेवढ्या वेळात मी काम करायचे. पंखांच्या आत कामट्यांच्या दोन लांब काड्या, त्यांच्यावर भेंडाच्या आडव्या फासळ्या, एका पंखाला अकरा. फासळीला वरून बाक हवा होता, तो चित्रात पंखाच्या टोकाला नीट दिसायचा. पहिल्या सात-आठ फासळ्या वाया गेल्या. पंखाची पुढची धार अख्ख्या भेंडाची केली. त्यावर पतंगाचा ताव खळीनं लावला. पहिल्यांदा तो सुरकुतला आणि मी रडकुंडीला आले, पण खळ वाळल्यावर कागद आपोआप ताणला जाऊन टिमकीसारखा झाला. पाण्याचा हात जास्त लागला त्या बाजूला पंख पिळवटून वाकडा झाला, तो पुन्हा ओला करून पाट्याखाली दाबला. खांब खराट्याच्या काड्यांचे, तारा मेण लावलेल्या दोऱ्याच्या, चाकं दोऱ्याच्या रिळाच्या दोन चकत्या. पुढचा पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा, तो कोरताना अंगठा कापला. आईला सांगितलं विळी लागली.

यातलं सगळं सरळ होतं, भेंड सोडून. भेंड चोरलेलं होतं. चोरलेलं हाच शब्द लिहिते, कारण मी ते ज्या तऱ्हेनं घेतलं त्याला दुसरा शब्द नाही. आढ्याच्या मोळीतून मी एकेक कांडी मधून ओढून घ्यायचे आणि बाकीच्या बाहेरच्या बाजूला सरकवून ठेवायचे. खालून बघणाऱ्याला मोळी भरलेलीच दिसायची. भेंड वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर यायचं. तळ्यांवरून ते काढून आणणारा एक माणूस होता, तो एकदा येऊन गेला की पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचं दर्शन नाही. हे मला माहीत होतं. तरी रोज वाटायचं, आजची एकच.

विमान पुरं झालं तेव्हा सराई संपत आली होती. शेवटचं एक काम राहिलं होतं, इंदापूरच्या बाजूला वरकुटं आहे तिथल्या सर्जेरावांच्या मुलीचं लग्न. त्यांच्या घरात रीत अशी की नवऱ्याचं मोठं आणि नवरीचं लहान, दोन्ही बाशिंगं नवरीच्या बापानं आणायची, आणि ती पांढऱ्या भेंडाचीच हवीत. दादांनी त्यासाठी चांगल्या भेंडाची एक मोळी मुद्दाम राखून ठेवली होती. लग्नाला चार दिवस असताना त्यांनी ती मोळी खाली घेतली. दोरी सोडली आणि मोळी मधून पोकळ निघाली. बाहेरच्या कांड्या घोंगडीवर पसरल्या, आणि दादा त्यांच्याकडं नुसते बघत राहिले.

आई म्हणाली, "उंदरांनी खाल्लं काय वो?"

"उंदीर ढलप्या टाकून जातोय," दादा म्हणाले. "हितं एक ढलपी न्हाय."

मी दारात उभी होते. मी म्हणाले, "दादा, मी घेतलं." आणि मागं जाऊन पिठाच्या डब्यामागचं विमान घेऊन आले आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

दादांनी मला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशीही मारलं नाही. त्यांनी विमान उचललं. उजेडाकडं धरलं. कागदातून फासळ्या दिसत होत्या, त्या त्यांनी बोटानं एकेक मोजल्या. पंखाच्या कडेनं अंगठा फिरवला. आई काही बोलायला लागली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"सुरी कुठली घेतलीस?"

"तुमची. बारकी."

"हं," ते म्हणाले. मग विमान खाली ठेवून राहिलेल्या भेंडाकडं वळले. "ह्यात नवरीचं हुईल. नवऱ्याचं कागदाचं करावं लागंल. चालतंय का ते त्यास्नी इचारायला जायला पायजे. आपून दोघं जाऊ. आणि का चालवून घ्यायचं, ते तू सांगायचं."

"मी?"

"मग कोण? आणि ते इमान घे बरुबर. नुसतं सांगून कुणाला पटायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंदापूरच्या एसटीत बसलो. दादांच्या मांडीवर हत्यारांची पेटी, नवरीचं तयार बाशिंग आणि रंगीत कागद. माझ्या मांडीवर विमान, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात. फडकं वाऱ्यानं उडायचं आणि प्रत्येक थांब्यावर कुणीतरी विचारायचं. एक म्हातारी म्हणाली, "पाळणा हाय व्हय गं?" कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट लागंल." गाडी हसली. दादाही थोडं हसले असं मला वाटलं, पण मी त्यांच्याकडं बघितलं नाही. सांगायची वाक्यं मी मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते आणि प्रत्येक वेळी ती कमी होत चालली होती. सोबत आणखी एक हिशेब मनात चालू होता. दोन वरचे, दोन खालचे, शेपटी. पुढची धार जाड. पुरेल. तो हिशेब मला करायचा नव्हता, पण तो आपोआप होत होता.

इंदापुरात उतरून माळवं, म्हणजे भाजीपाला, टाकून रिकाम्या परत जाणाऱ्या एका गाडीतून वरकुट्याला पोचलो. लग्नघरी मांडवाच्या मेढी रोवणं चाललं होतं. ओसरीवर बायका गहू निवडत होत्या, आत कुठंतरी जातं घरघरत होतं, आणि ओल्या सारवणाचा वास सगळीकडं होता. सर्जेराव मांडवाच्या दोऱ्या बांधून घेत होते. उंच, सडपातळ माणूस, मिशा बारीक कातरलेल्या, आणि गावातल्या कुणाच्याच नसेल अशी ताठ पाठ. लढाईच्या वेळी ते फौजेत होते एवढं दादांना माहीत होतं. गाव त्यांना तात्या म्हणायचं.

"या धोंडीराव. झालं का काम?"

"तात्या, ही माझी कमल. तिला तुमास्नी काय सांगायचं हाय," दादा म्हणाले आणि बाजूला झाले.

मी खाली बघून एका दमात सांगितलं. तुमच्या बाशिंगाचं भेंड मी घेतलं, दादांना न विचारता घेतलं, हे केलं, आता नवऱ्याचं बाशिंग कागदाचं करावं लागेल, चूक माझी आहे. आणि फडकं सोडून विमान ओसरीच्या कडेवर ठेवलं. ओरडा बसेल म्हणून वाट बघत राहिले.

कुणी ओरडलं नाही. मी वर बघितलं तर तात्या माझ्याकडं बघतच नव्हते. ते उकिडवे बसले होते, त्यांचं तोंड विमानाच्या पंखांशी आलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर, लहान मूल खेळण्याला हात लावायला भितं तसे. मग त्यांनी एक बोट पुढं करून दोऱ्याची एक तार हळूच छेडली.

"ह्या तारा कुणी बांधल्या?"

"मी."

"ह्या नुसत्या उभं ऱ्हायच्या तारा हायती. उडायच्या कुठं हायती?"

मला काही समजलं नाही. त्यांनी मला जवळ बसवलं. "हे बघ. इमान भुईवर हाय तवा पंख आपल्या वजनानं खाली पडाय बघतो. म्हणून वरनं, मधनं, बाहीरच्या खांबाच्या बुडाला तार. ती पंखाला धरून ठेवती. ती तू बांधलीस. पर उडालं की उलटं हुतंय. वारा पंखाला वर रेटतो. मग खालनं, अंगापासनं, खांबाच्या डोक्याला तार पायजे. न्हायतर पंख वर मिटत्याल. फुलीगत दिसलं पायजे. तू निम्मी फुली काढलीस."

"चित्रात एकच रेघ होती," मी म्हणाले.

"चित्र काढणारा कवा वर गेला असंल!" ते म्हणाले आणि हसले. तोवर ओसरीवरच्या बायकांचे हात थांबले होते. त्यांतली एक, तात्यांची कारभारीण हौसाकाकी, सूप खाली ठेवून आमच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "अवं, तुमी इमानावर व्हता?" तिच्या आवाजात राग नव्हता, पण असं काहीतरी होतं की माझ्याही लक्षात आलं. लग्नाला आलेली मुलगी पदरात असलेल्या बाईनं नवऱ्याला विचारावा असा तो प्रश्न नव्हता.

"इमानावर न्हाय. इमानाखाली," तात्या म्हणाले. "पेशावराकडं. तारा ताणायचं आन् पंखाला कापड शिवायचं काम."

"आमास्नी सांगितलं, बंदूक व्हती म्हणून."

"तूच म्हणालीस बंदूक. मी काय बोललो न्हाय."

मग ती पदर सावरत उठली आणि मूळ गोष्टीवर आली. बाकी काही असो, या घरात कागदाचं बाशिंग कुणाच्या डोक्यावर चढलेलं नाही, आणि जावयाच्या डोक्यावर तर चढणारच नाही. दादांनी इतकी वर्षं सांभाळलेलं नाव त्या ओसरीवर पडलं होतं आणि ते माझ्यामुळं पडलं होतं.

मी म्हणाले, "पंखांत भेंड हाय. चारीत मिळून पुरंल. मी हिशेब केलाय."

मला कुणी ते म्हणायला सांगितलं नव्हतं. दादांनी माझ्याकडं बघितलं, तशी नजर मी त्यांची आधी पाहिली नव्हती. मी पुढं होऊन वरच्या पंखाला हात घातला.

"थांब," तात्या म्हणाले. "असं वढू नको. उतरवायची बी रीत असती."

त्यांनी घोंगडी पसरली. विमान मधे ठेवलं. मला एका बाजूला बसवलं, स्वतः दुसऱ्या बाजूला बसले. "आदी तारा सैल कर. दोन्हीकडनं बरुबरच. एका अंगाची सोडलीस तर दुसरं अंग वाकडं हुतंय." मी गाठ सोडली. दोरा सुटला तसा पंख हातभर नाही, पण बोटभर खाली झुकला, आणि मला पहिल्यांदा समजलं की मी शोभेला लावलेला दोरा खरंच काहीतरी धरून होता. मग खांब. मग वरचा पंख, दोघांनी दोन टोकांना धरून. "कागुद फाडू नको, कडेनं चीर." तात्यांचे हात दोऱ्या बांधून घेणाऱ्या शेतकऱ्याचे होते, भेगा पडलेले, पण त्या खराट्याच्या काड्या ते अशा काढत होते की एकही मोडली नाही. प्रत्येक काडी काढली की ओळीनं मांडून ठेवायचे. पोरं, बायका, मांडवावरची माणसं भोवती जमली होती.

दादांनी शेजारीच बैठक मांडली. पंखाची जाड धार आली की तिचा पापुद्रा काढायचे, फासळी आली की तिच्या पाकळ्या कापायचे. माझ्या फासळ्यांचा बाक पाकळीला आयताच उपयोगी पडत होता. एकदा ते म्हणाले, "लई सारख्या कापल्यात," तेवढंच. दुपारी हौसाकाकीनं आम्हा तिघांना तिथंच भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. माझ्या ताटात गुळाचा खडा जास्त होता.

उन्हं कलताना बाशिंग उभं राहिलं. दादांनी आयुष्यात केलेल्या बाशिंगांत ते सगळ्यात मोठं नव्हतं, पण सगळ्यात पांढरं होतं. लग्नाला आम्ही थांबलो. नवरदेव मांडवात आला, अक्षता पडल्या, आणि लापशीच्या पंगती उठल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी सारखी बघत होते की एकाही फुलाची पाकळी पडते का, आणि एकही पडली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर भेंडवाला आला तेव्हा दादांनी एक मोळी वेगळी बांधली आणि माझ्या अंथरुणाजवळ ठेवली. दुसरं विमान मी उन्हाळ्यात केलं. पिठाच्या डब्यामागं नव्हे, दादांच्या बैठकीवर, त्यांच्या शेजारी बसून. ते विमानही आज माझ्यापाशी नाही. ते वरकुट्याला गेलं आणि तिथं बरीच वर्षं माजघरात टांगलेलं होतं, असं मी ऐकलं. पण ते तिकडं जाण्याआधीची एक दुपार मला सांगायची आहे, आणि हे प्रकरण मी खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

तात्या कांदे घेऊन बारामतीच्या बाजाराला आले होते, ते घर विचारत आमच्याकडं आले. दारात पायताण काढलं आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "कुठं हाय?" मी विमान त्यांच्यापुढं ठेवलं. या वेळी त्यांनी हात आखडला नाही. चाकं दाबून बघितली, शेपटी हलवून बघितली. मग तारा. एकेक छेडून कान जवळ न्यायचे. एक सैल निघाली ती माझ्याकडून पुन्हा ताणून घेतली. सगळ्या झाल्यावर मांडी घालून बसले. दादांची सुरी चालू होती.

"रोज सकाळी असंच बघायचं," ते मग म्हणाले. "आन् बघितलं की कागदावर सही. तारा बांधणाऱ्याची सही असल्याबिगर उडवणारा सायेब इमानात बसायचा न्हाय. मला सही येत नव्हती. तितंच शिकलो. इंग्रजीत." ते थांबले. "एक सायेब व्हता. पोरगंच, बावीस-तेवीसचं. आपल्याकडचाच. घरनं गूळ आला की मागून खायचा. एक दिस मी सही केली, तो गेला, आन् आलाच न्हाय. डोंगरात शोधलं, इमानाचा तुकडा गावला न्हाय."

दादांची सुरी थांबली होती.

"मला इचारलं. सही कुणाची? म्हनलं, माझी. तारा बघितल्या व्हत्या? बघितल्या व्हत्या. बरं, जा. कुणी दोष दिला न्हाय, धोंडीराव. पर दोष न्हाय असंबी कुणी म्हनलं न्हाय. इमानच न्हाय, तर सांगणार कशावरनं? पुढं मी सही केली न्हाय. बदली मागून घेतली, सामानाच्या कोठीवर बसलो. मग घरी आलो. हितं सोसायटीच्या कागदावर बी अंगठा देतो."

आई आतून चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून दारातच उभी राहिली. मी तेरा-चौदा वर्षांची, आणि मोठ्या माणसानं मला समोर बसवून असं काही सांगण्याची ती पहिलीच वेळ. आज इतक्या वर्षांनी वाटतं, तात्या ते मला सांगत नव्हते आणि दादांनाही नव्हते. त्यांना फक्त तारांशेजारी बसून ते बोलायचं होतं, आणि तशी जागा सगळ्या मुलखात आमच्या घोंगडीवरच होती.

"पेन्सिल हाय का गं?"

मी दप्तरातून पेन्सिल आणून दिली. त्यांनी विमान हलकेच उलटं केलं आणि खालच्या पंखाच्या पोटाकडं बोट दाखवलं. "बांधणारानं आदी करायची. कर सही."

मी कधी सही केलेली नव्हती. शाळेत नाव लिहितात तसं सावकाश लिहिलं, कागद फाटू नये म्हणून पेन्सिल न दाबता. कमल धोंडिराम. दादा मान वाकडी करून वाचत होते. ते म्हणाले, "धोंडीची वेलांटी दुसरी. पयली काढलीस." मी जिभेनं बोट ओलं करून ती पुसली आणि दुसरी काढली. दादांनी पुन्हा वाचलं आणि मान हलवली.

मग मी पेन्सिल तात्यांपुढं धरली. धरायची असं काही ठरवलं नव्हतं, हात गेला. त्यांनी ती घेतली. अंगठा आणि बोट यांच्यामधे धरून दोन-तीनदा फिरवली. तळहात धोतराला पुसला. माझ्या नावाच्या खाली थोडी जागा सोडून त्यांनी टोक टेकवलं, आणि मला वाटलं की आता ते उचलतील. पण पेन्सिल चालली, थांबली, पुन्हा चालली. इंग्रजी अक्षरं, एकाला एक जोडलेली, शेवटी खाली एक आडवी रेघ. ती सही बरोबर होती की चुकली हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी विमान सुलटं करून चाकांवर ठेवलं, पेन्सिल मला परत दिली, आणि दोन्ही हातांनी आईच्या हातातली कपबशी घेत म्हणाले, "आता सायबाला बोलवायला हरकत न्हाय."